पट्टा निजवला का?

१४ सप्टेंबर, रविवार

बोलायला माणसं नाहीत असं नाही, पण हे कुणाशी बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. कुणाच्या हाती लागलं तर म्हणेल, वैजयंतीचं डोकं फिरलं. म्हणो बापडा.

आज आरा मशीन पुन्हा सुरू केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे गेले, तेव्हापासून ती बंद होती. त्या दिवशी सकाळी यांनी नवी धार लावलेला करवतीचा पट्टा दोन्ही चाकांवर चढवला, स्क्रू फिरवून ताण दिला, बाभळीच्या ओंडक्यावर बसून चहाचा कप हातात घेतला आणि कलंडले. कप फुटलासुद्धा नाही. दवाखान्यात नेलं ते उगीच, आपल्या मनाच्या समाधानाला.

यांचं रोजचं पाठांतर मला झोपेतही म्हणता येईल. संध्याकाळी स्क्रू मागे फिरवून पट्टा सैल करायचाच. रात्रभर ताणून ठेवला तर पोलाद थकतं, दातांच्या खाचेत तड जाते आणि भर कामात तुटला तर समोरच्याला चिरून टाकतो. सैल करण्याला हे 'निजवणं' म्हणायचे. माणूस निजतो, बैल निजतो, मग पट्ट्यानंच काय पाप केलं, असं म्हणून हसायचे. त्या सकाळी ताणलेला पट्टा मात्र तेरवी उलटून गेली तरी चाकांवर तसाच होता. त्या दिवसांत कुणाला सुचणार?

भाऊसिंगच्या मात्र ते आल्या आल्या ध्यानात आलं. हा तांड्यावरचा, ओंडका गाड्यावर चढवून पट्ट्याला लावायचं काम याचं. यांच्या बरोबरीनं केस पिकले त्याचे या शेडमध्ये. तो सरळ स्क्रूकडे गेला.

"वैनी, हा उतरवतो. लय दिवसाचा ताणून हाये. खुंटीवरचा दुसरा चढवू."

मी त्याचा हात धरला. त्या स्क्रूला शेवटचा हात यांचा लागलेला आहे. तो मी कुणाला उलटा फिरवू देणार नाही. पण हे असं सांगता येतं का? म्हटलं, "चांगला हाये तो पट्टा. राहू दे."

दिवसभर लाकूड कापलं. संध्याकाळी स्विच बंद केला. चाकं एकदम थांबत नाहीत, हळूहळू मंदावत जातात. आणि त्यात मला ऐकू आलं. टक्. जरा वेळानं पुन्हा, टक्.

मशीनच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, म्हणून हे पान्यानं लोखंडी खांबावर ठोकायचे. एक ठोका म्हणजे चालू दे. दोन ठोके म्हणजे थांब. भाऊसिंगला आणि मला ती भाषा तोंडच्या बोलीपेक्षा जास्त कळते.

पाना खांबाला टेकवून ठेवलेला होता. जवळ कुणीच नव्हतं. अंगावर काटा आला, मग रडू आलं, आणि मग, खरं सांगते, फार बरं वाटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

ठोका रोज येतो. सकाळी चाकं वेग घेताना आणि संध्याकाळी थांबताना. मधल्या काळात गोंगाटात हरवतो, पण तो आहे हे मला कळतं. एकच ठोका. चालू दे.

गावात सगळ्यांना वाटतं, पोटी मूल नाही, आता ही मशीन विकेल. यांच्या नात्यातल्या दोघांनी तर फोनवरून भावही विचारला. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं? त्यांना सांगावंसं वाटतं, ज्याची मशीन आहे त्याला विचारलं मी, तो म्हणतो चालू दे.

घरी आत्याबाईंचा रोजचा प्रश्न असतो. लेक होता तोवर तो दारात आला की पाण्याआधी विचारायच्या, "पट्टा निजवला का?" हे 'हो' म्हणायचे. हाताला स्क्रूचं काळं ग्रीस लागलेलं असायचं, साबणाला न निघणारं. म्हणून आत्याबाई मोरीवर राखेचं डबडं तयार ठेवायच्या. आता तोच प्रश्न त्या मला विचारतात. माझ्या सासूचं नाव तुळसाबाई, पण स्वभाव कडुनिंबाचा. लेक गेला त्या दिवशी रडल्या तेवढ्याच, नंतर डोळ्याला पदर नाही.

"पट्टा निजवला का वं?"

"हो," म्हणून टाकते. त्या नुसतं पाहतात आणि वळतात. डबडं कोनाड्यात पडून आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

राहवलं नाही म्हणून भाऊसिंगला विचारलं. "बंद करतानी तुले काई ऐकू येते का रे?"

"येते नं. पट्टा बोलून राह्यला, वैनी. जोडापाशी पाहा एकदा."

पहिलं वाक्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मला एकटीलाच ऐकू येत नाही. दुसऱ्या वाक्याचा राग आला. मला शिकवतो! धार लावणं माझं काम. लग्न होऊन आले तेव्हा यांनी सोन्याच्या आधी माझ्या हातात कानस दिली होती, हे आम्ही किती वर्षं हसत सांगत आलो. तड कशी शोधायची ते मला ठाऊक आहे. पट्टा पुसून रॉकेल लावायचं, पुन्हा पुसायचं आणि वर खडू घासायचा. तड असेल तिथे खडूवर काळी रेघ उमटते.

पण त्याला पट्टा उतरवावा लागतो. मी चाकावर आहे तसाच, हातानं ओढत ओढत, पाहिला. शेडमध्ये आभाळामुळे अंधारच होता. काही दिसलं नाही.

"पाह्यला," मी म्हटलं. "काई नाही."

भाऊसिंग मान हलवून कामाला लागला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दरवर्षी आज पट्टा उतरवून, धुऊन, पाटावर गोल मांडून त्याची पूजा होते. झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. आज मी नाही उतरवला. सुतकाचं वर्ष आहे, आपल्याकडे सण नाही, असं म्हटलं. सोयीची सबब सापडली याचा आनंदही झाला, आता लिहिताना लाज वाटते.

भाऊसिंग हार घेऊन आला होता. म्हणाला, "सन तुमाले नाही वैनी, मशीनले हाये. तिचं कोन मेलं?"

मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याची त्यालाच जीभ चावावी लागली. मग त्यानं हार चाकाबरोबर फिरणार नाही असा, वरच्या झाकणालाच बांधला. जाताना आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून पाया पडला. त्याच्या बायकोनं, धनीबाईनं, कडाकण्या पाठवल्या होत्या. मी घरी जाऊन त्या आत्याबाईंना दिल्या, आणि त्यांनी विचारलं तेव्हा 'हो, निजवला' म्हटलं. सणाच्या दिवशी.

८ ऑक्टोबर, बुधवार

रिठद गावचं गिऱ्हाईक आज फळ्या परत घेऊन आलं. "बाई, ह्या फळ्या हायेत का लाटा?" म्हणे. फळी खरंच वाकडीतिकडी निघते आहे, मध्ये पोट, कडेला खाच. भुसाही पूर्वीसारखा दाणेदार पडत नाही, पिठासारखा पडतो आणि काळपट. लाकडाला करपल्याचा वास येतो. कुणी पोरगंही सांगेल की पट्टा बदलायची वेळ कधीच होऊन गेली.

मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "लाकूड वलं आनता अन् मशीनले बोल लावता? नाचता येत नाही तं अंगन वाकडं." तो चिडून गेला. गेला तर गेला.

दुपारी मी पट्टा न उतरवता, मशीनवरच, कानशीनं धार काढली. हे पाहत असते तर हातातून कानस हिसकावून घेतली असती. असं घासलं की खाचेचा कोपरा टोकदार होतो आणि तड तिथूनच सुरू होते, हे त्यांनीच मला शिकवलं. पण उतरवायचा म्हणजे स्क्रू फिरवायचा.

संध्याकाळी ठोका जोरात आला. पूर्वीपेक्षा जोरात. जणू जवळ येऊन उभे राहिले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भाऊसिंग हल्ली पट्ट्याच्या समोर उभा राहत नाही. गाडा बाजूनं, वाकून, लांबून ढकलतो. त्यात वेळ जातो. आज मी बोलले, तर त्यानं गाडा सोडला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, तांडा दिवाळी झाली का ऊसतोडीले निघते. मीबी जातो म्हनतो."

"काहून? इथं काय कमी हाये तुले?"

"कमी काई नाही. मले मराचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दौलतभाऊ असते तं हा पट्टा कवाच खुंटीले गेला असता."

आणि माझ्या तोंडून निसटलं. "तेच तं सांगून राह्यले. चालू दे म्हनून. तुले ऐकू येते ना ठोका? मंग कायले इचारतं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं हसेल किंवा घाबरेल. तो दोन्ही न करता खाली बसला आणि पागोट्यानं तोंड पुसलं.

"मले तो तसा नाही ऐकू येत," म्हणाला. "मले पट्टाच ऐकू येते. पन तुमी एकट्या लाकूड लावसान अन् तुमाले काई झालं, तं दौलतभाऊले मी काय सांगू? दिवाळीवरी हावो मी."

मग उठला आणि ओंडका चढवला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. पण स्क्रूला हात लावायला गेले तर हात पुढे होईना. पट्टा बदलला आणि ठोका आलाच नाही तर? माझ्याकडे त्यांचं आता तेवढंच राहिलं आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना आत्याबाईंना सांगून टाकलं. ठोक्याचं. का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित वाटलं, आईला आनंद होईल.

त्यांनी घास खाली ठेवला. "येकच ठोका?"

"हो."

"मंग तो दौलत नोय," त्या म्हणाल्या. "माह्या दौलतले 'चालू दे' म्हनाची सवयच नोती. मी म्हनो जेव, तं म्हने थांब. लगीन कर म्हनलं, तं म्हने थांब जरा. अवं, तो पोटातूनबी उशिराच आलता. मशीनवर तं दिवसभर थांब, थांब, थांब. मी डबा घेऊन येवो तं मले दोनच ठोके ऐकू ये."

मी हसले आणि मग मला ते आठवायला लागलं. खरंच. एक ठोका बहुतेक वेळा मीच मारायचे. धार लावून झाली, गिऱ्हाईक खोळंबलं, चला लवकर, म्हणून. ते दोन मारायचे. मी चिडायचे. इतक्या वर्षांचं भांडण आमचं ते, आणि मी ते दोन महिन्यांत विसरले कसं?

मग हा एक ठोका कुणाचा आहे? ताट तसंच ठेवून उठले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज अक्षर कसंही येईल.

आसेगावच्या माणसाला दिवाळीआधी दाराची चौकट हवी होती. बाभळीचा ओंडका, वाकडा, जड. बाजूनं ढकलून सरळ राहीना. भाऊसिंग शेवटी वैतागून गाड्याच्या समोर आला, पट्ट्याच्या अगदी रेषेत, आणि ओंडक्याला पोट लावून त्यानं तो दाबून धरला. मला हातानं खूण केली. मी स्विच टाकला.

चाकं फिरायला लागली. मी कान देऊन होते. गेले काही दिवस मी नुसती कानच झाले आहे.

टक्-टक्.

पुन्हा. टक्-टक्.

दोन.

मी विचार केला असं म्हणणार नाही. स्विच कधी बंद केला ते मला आठवत नाही. पाना हातात होता आणि मी खांबावर मारत होते, दोन, दोन, दोन, आणि ओरडत होते. भाऊसिंगला ओरडणं नसेल ऐकू गेलं, पण ठोके गेले. इतक्या वर्षांची सवय. त्यानं ओंडका सोडला आणि बाजूला उडी मारली.

चाकं मंदावतच होती की पट्टा तुटला. फार मोठा आवाज नाही झाला. एक टोक सुटून बाहेर आलं आणि गाड्याच्या पुढच्या फळीत घुसलं. जिथे भाऊसिंगचं पोट होतं तिथेच, त्याच उंचीवर. पूर्ण वेगात असता तर फळी आणि मागचा माणूस, त्याला काय फरक.

तो खाली मातीत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, "दोन वाजले नं वैनी?"

"हो," म्हटलं.

घरी आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मी सरळ आत गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज एकटीच शेडमध्ये गेले. पट्ट्याचे तुकडे उन्हात आणले. रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला.

तुटलेली कड, पट्ट्याची दोन टोकं सांधलेली असतात त्या जोडापाशीच आहे. अर्धी काळी, डिंकानं आणि तेलानं माखलेली, जुनी. अर्धी लख्ख, कालची. त्यापासून हातभर अंतरावर दुसरी तड आहे, कोवळी, केसाएवढी, मी कानस घासली होती त्या खाचेतून निघालेली. पट्टा हलू नये म्हणून बाजूला लाकडी गुटका लावलेला असतो, पहिली तड त्याच्यावरून जायची तेव्हा एक ठोका. दुसरी गेली तेव्हा दोन. इतकं सोपं होतं, आणि मी ते बघायला नको म्हणून अंधारात बघत होते.

मला सगळं कळत होतं. फळी लाटा काढत होती, भुसा पीठ पडत होता, भाऊसिंग सांगत होता. पट्टा बोलला त्या दिवशीच तो खुंटीला जायला हवा होता. कळतं पण वळत नाही म्हणतात, पण इथे मी वळायचंच नाकारलं. आणि किंमत दुसऱ्याच्या पोटानं चुकती होणार होती.

मी तुकडे घेऊन तिथेच बसले होते तेव्हा धनीबाई आली. गाड्याच्या चिरलेल्या फळीवरून तिनं हात फिरवला, खाली वर, आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं लावू दिला. त्याचंच मला फार लागलं.

तरीही एक लिहून ठेवते, माझ्यापुरतं. दुसरी तड केव्हाही गेली असती. शनिवारी, भाऊसिंग समोर उभा राहिला त्याच वेळी मला ती का ऐकू आली? ते मी शोधणार नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. यंदा आपल्याकडे काही नाही, पण मशीन सुरू करायला दिवस चांगला आहे, असं आत्याबाईच म्हणाल्या. भाऊसिंग येईल असं वाटलं नव्हतं. आला. मी विचारलं, ऊसतोडीला नाही गेलास? म्हणाला, "पट्टा पाहू पयले. मंग ठरवू."

खुंटीवरचा पट्टा मी कालच धार लावून, खडू घासून, दातन् दात पाहून ठेवला होता. तो चढवायचा तर वरचं चाक खाली घ्यायला हवं, म्हणजे यांचा स्क्रू उलटा फिरवायला हवा. पट्टा तुटला तरी स्क्रू मात्र त्याच जागी होता, यांनी सोडला होता तिथे. भाऊसिंग पुढे झाला.

"नको," म्हटलं. "मले फिरवू दे."

ग्रीस थिजून स्क्रू घट्ट बसला होता. दोन्ही हात लावले, वजन टाकलं. मग तो सुटला आणि सहज फिरायला लागला, जसा इतर कुठलाही स्क्रू फिरतो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. नुसतं रडू आलं, फिरवत फिरवतच रडले. भाऊसिंग तिकडे तोंड करून उगीच ओंडके मोजत होता.

नवा पट्टा आधी रिकामा फिरवला. कान देऊन उभी राहिले. चाकांचा घरघराट आणि वारा, बस. मग भाऊसिंगनं ओंडका लावला आणि थांबला. गाड्याला हात लावून तो खांबाकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहत होते. मला कळेना तो कशाची वाट पाहतो आहे, आणि मग कळलं.

पाना उचलला आणि एक ठोका मारला. त्यानं गाडा ढकलला. फळी सरळ निघाली.

संध्याकाळी स्विच बंद केला. चाकं मंदावत गेली. मी शेवटचा फेरा संपेपर्यंत उभी होते. एकही ठोका आला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले ते आज खरे गेले, असं वाटलं. भाऊसिंगला म्हटलं, तू हो पुढं. तो म्हणाला, "उद्या येतो, वैनी." मग मी स्क्रू मागे फिरवला, पट्टा सैल होऊन चाकांवर लोंबेपर्यंत, आणि घरी आले.

आज आत्याबाईंनी विचारलं नाही. दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, आत गेल्या, कोनाड्यातलं राखेचं डबडं झटकून मोरीवर आणून ठेवलं.

"घास," म्हणाल्या. "त्याचंबी असंच निंघत नसे."

मी बसून हात घासले. इतके दिवस मी रोज कोरड्या, भुसा लागलेल्या हातांनी त्यांच्यापुढे उभी राहून 'हो' म्हणत होते.